पन्नासावी पेटी: ड्रॅक्युलाच्या मरणाचं प्रकरण

६ नोव्हेंबर. ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरात बर्फ पडतंय, दिवस मावळायला काही मिनिटं उरली आहेत आणि जिप्सींची एक गाडी किल्ल्याच्या दिशेने भरधाव निघाली आहे. गाडीवर मातीने भरलेली पेटी, पेटीत काउंट ड्रॅक्युला. सूर्य बुडाला की तो उठणार. तरुण इंग्रज वकील जोनाथन हार्कर जिप्सींचं कडं फोडून गाडीवर चढतो आणि पेटी खाली लोटून देतो. त्याचा अमेरिकन साथी क्विन्सी मॉरिस कुशीत सुरा बसलेला असतानाही त्याच्यापर्यंत पोचतो. दोघं मिळून झाकण उचकटतात. काउंटचे डोळे उघडे आहेत. ते मावळत्या सूर्याकडे वळतात आणि त्यांतला द्वेष जाऊन तिथे विजयाची चमक येते. त्याच क्षणी जोनाथनची कुकरी गळ्यातून आरपार जाते, क्विन्सीचा बोवी सुरा काळजात घुसतो, आणि एका श्वासात सगळं शरीर धूळ होऊन नाहीसं होतं.

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही डायऱ्या-पत्रांतून सांगितलेली कादंबरी २६ मे १८९७ रोजी लंडनमध्ये निघाली. साडेतीनशेहून जास्त पानं ज्या शत्रूची भीती घातली, त्याचा निकाल तिने असा दोन-तीन ओळींत लावला. चाहत्यांचं भांडण सुरू होतं ते इथून. तक्रार सोपी आहे: व्हॅम्पायर कसा मारायचा हे ज्या पुस्तकाने स्वतःच शिकवलं, त्याच पुस्तकाने शेवटी ती रीत मोडली. मग काउंट मेला कसा? का मेलाच नाही?

मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा या प्रश्नाशी अडखळलो नव्हतो. तिच्यावरचा कोपोलाचा १९९२ चा सिनेमा पाहिल्यावर अडखळलो, आणि मग पुस्तक पुन्हा काढलं. बहुतेकांचं असंच होतं असं मला वाटतं. सिनेमाने शेवट बदलला म्हणून मूळ शेवटात काहीतरी राहिलंय असा संशय येतो. तेव्हा हे प्रकरण पुस्तक आणि सिनेमा, दोन्ही समोर ठेवूनच तपासायला हवं.

फिर्याद

रीत कोणती, ते काउंटने रक्त पिऊन व्हॅम्पायर केलेल्या ल्युसी या तरुणीच्या प्रसंगात दिसतं. २९ सप्टेंबरला तिच्या शवपेटीपाशी चौघं उभे आहेत. जवळजवळ तीन फूट लांबीचा, टोक जाळून टणक केलेला लाकडी खुंटा तिचा होणारा नवरा आर्थर तिच्या काळजात ठोकतो. मग व्हॅम्पायरांचा जाणकार प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग आणि डॉक्टर सीवर्ड खुंट्याचा वरचा भाग करवतीने कापतात, टोक आतच ठेवतात, मुंडकं वेगळं करतात आणि तोंडात लसूण भरतात. एखाद्या अंत्यविधीसारखं सगळं क्रमाने, काही न विसरता. वाचकाच्या मनावर हे इतकं ठसतं की शेवटच्या दृश्यात तो नकळत त्याची वाट पाहत असतो.

आणि शेवटच्या दृश्यात यातलं काहीच नाही. लाकूड नाही, लसूण नाही, प्रार्थना नाही. दोन लोखंडी पाती आहेत आणि धूळ आहे.

यावर तीन पक्ष पडतात. पहिल्या पक्षाच्या मते ही लेखकाची चूक आहे. शेवटाकडे येता येता स्टोकरला घाई झाली. दुसरा पक्ष म्हणतो की चूक नाही, ही मुद्दाम उघडी ठेवलेली खिडकी आहे: काउंट धूळ होऊन निसटला. तिसरा पक्ष म्हणतो की तो मेला, पूर्ण मेला, आणि तुम्ही नियम नीट वाचलेले नाहीत.

दुसऱ्या पक्षाला हसून सोडून देता येत नाही, कारण त्याच्या हातात पुस्तकातलाच पुरावा आहे. ३० सप्टेंबरला व्हॅन हेल्सिंग सगळ्यांना बसवून व्हॅम्पायरची ताकद आणि मर्यादा समजावून सांगतो. त्यात तो सांगतो की हा प्राणी चंद्रकिरणांवरून धुळीच्या कणांसारखा येऊ शकतो. जोनाथनने किल्ल्यात हे डोळ्यांनी पाहिलंय: २४ जूनच्या रात्री चांदण्यात तरंगणारे कण हळूहळू तिथल्या तीन व्हॅम्पायर बायकांचा आकार घेऊ लागले होते. म्हणजे या पुस्तकात धूळ हा जसा शेवट आहे तसा प्रवासाचा मार्गही आहे. त्याच भाषणातला आणखी एक नियम असा की आपल्या हक्काच्या जागेपासून दूर असताना त्याला रूप बदलता येतं ते फक्त भर दुपारी बारा वाजता किंवा नेमक्या सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या क्षणी. आता ६ नोव्हेंबरची वेळ आठवा. सूर्य बुडतोय, काउंटच्या डोळ्यांत विजय आहे आणि पुढच्या क्षणी पेटीत फक्त धूळ आहे. निसटला म्हणणाऱ्यांचं हे म्हणणं ऐकल्यावर अंगावर काटा येतो, आणि मी कितीतरी दिवस त्यांच्याच बाजूने होतो.

पुरावा

माझं मत फिरवलं ते त्याच भाषणातल्या एका शब्दाने. व्हॅन हेल्सिंग मारण्याचे उपाय सांगतो तेव्हा 'आणि' म्हणत नाही, 'किंवा' म्हणतो. शवपेटीत झाडलेली मंत्रून पवित्र केलेली गोळी, खुंटा, किंवा कापलेलं मुंडकं. यातला कुठलाही एक पुरेसा आहे. ल्युसीच्या वेळी दोन केले, कारण वेळ होता, शरीर समोर निश्चल पडलं होतं आणि ती त्यांची लाडकी होती. तो सोहळा त्यांच्या प्रेमापोटी आणि भीतीपोटी होता. आपण वाचक सोहळ्यालाच नियम समजून बसलो.

मग प्रश्न एवढाच उरतो की मुंडकं खरंच कापलं गेलं का. शेवटचं दृश्य सांगणारी, जोनाथनची बायको मीना हिची डायरी 'गळा' म्हणते, 'मान' नाही, आणि यावर बरंच गुऱ्हाळ चालतं. पण तिने वापरलेलं क्रियापद कापत पलीकडे जाण्याचं आहे, नुसतं चिरण्याचं नाही. शिवाय हत्यार कोणतं आहे ते बघा. कुकरी म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढे वजनदार, आत वळलेलं पातं. नेपाळात दसैंला, म्हणजे दसऱ्याला, बळीचं मुंडकं एका घावात उडवायला ती चालते. युरोपातल्या वाचकाला तो एक विलायतेबाहेरचा सुरा वाटत असेल, त्याला 'गळा कापला' एवढंच दिसत असेल. मला ते वाक्य वाचताना मुंडकं वेगळं झालेलंच दिसतं. एक्सेटरच्या एका तरुण वकिलाकडे गोरखा कुकरी आली कुठून, हे मात्र स्टोकर कुठेच सांगत नाही. तीही एक विसंगती म्हणून चाहते मांडतात, पण साम्राज्याच्या राजधानीत पलटणीचं हत्यार मिळणं मला तरी अशक्य वाटत नाही.

दुसरा पुरावा आदल्या दिवसाचा. ५ नोव्हेंबरला व्हॅन हेल्सिंग एकटा किल्ल्यात जाऊन त्या तिन्ही बायकांना संपवतो. प्रत्येकीचं मुंडकं वेगळं होताच तिचं शरीर विरघळून माती होतं, जणू शतकांपूर्वीच यायला हवं होतं ते मरण आता एकदम आलं. ल्युसीच्या बाबतीत असं झालं नव्हतं, कारण ती मरून थोडेच दिवस झाले होते. म्हणजे २४ तासांपूर्वीच पुस्तकाने दाखवून ठेवलंय की जुना व्हॅम्पायर मुंडकं गेल्यावर धूळ होतो. स्टोकर लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक होता, त्याचं आयुष्य रंगभूमीवर गेलं होतं. नाटकवाला एखादी वस्तू शेवटच्या अंकात वापरायची असेल तर ती आधी प्रेक्षकांच्या नजरेस पाडतो. कुकरीही त्याने ३ ऑक्टोबरला, पिकॅडिलीच्या घरातल्या झटापटीत, अशीच दाखवून ठेवली आहे. तेव्हा जोनाथनचा वार थोडक्यात हुकला, काउंटचा कोट फाटला आणि त्यातून नोटा नि सोन्याची नाणी जमिनीवर सांडली.

तिसरा पुरावा मीनाच्या कपाळावरचा. ३ ऑक्टोबरला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर, कपाळाला लावताच तिचं कपाळ भाजलं होतं, कारण आदल्या रात्री काउंटने तिला स्वतःचं रक्त पाजलं होतं. तो व्रण काउंट असेपर्यंत जाणार नव्हता. मरता मरता क्विन्सी तिच्या कपाळाकडे बोट दाखवतो, आणि ते बर्फासारखं निर्मळ झालेलं असतं.

पण माझ्या लेखी सर्वांत भक्कम पुरावा सूर्याचाच आहे, आणि तो निसटला म्हणणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. क्विन्सी बोट दाखवतो तेव्हाचं वर्णन सावकाश वाचा. सूर्य डोंगरमाथ्यावर टेकलाय आणि त्याचे लाल किरण मीनाच्या चेहऱ्यावर पडलेत. टेकलाय, बुडालेला नाही. म्हणजे काउंटची धूळ झाली तेव्हा सूर्यास्ताचा तो नेमका क्षण यायचाच होता. यावर कुणी म्हणेल की तो स्वतःच्या मातीच्या पेटीत होता, त्याला तो नियम लागू नव्हता. तसं असतं तर तो इतका वेळ निपचित का पडून राहिला? गाडी अडली, मारामारी झाली, झाकण निघालं, तरी तो हलला नाही. त्याच्या डोळ्यांत आलेला विजय हाच त्याच्या विरुद्धचा पुरावा आहे. त्याला अजून काही क्षण हवे होते आणि ते मिळतील अशी त्याची खात्री झाली होती. जोनाथनने ते दिले नाहीत.

खरी चूक कुठे आहे

कादंबरीत विसंगतीच नाही असं मी म्हणत नाही. आहे, आणि चांगली ठसठशीत आहे, पण ती कुकरीत नाही, सालात आहे. डायऱ्यांवर तारखा आहेत, वर्ष नाही. स्टोकरची हस्तलिखित टिपणं फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यांतलं घटनांचं वेळापत्रक १८९३ च्या वारांशी जुळतं. कादंबरीतही त्याला दुजोरा मिळतो. २६ सप्टेंबरच्या संभाषणात फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को आता हयात नाही अशी हळहळ व्हॅन हेल्सिंग व्यक्त करतो. शार्को वारला १६ ऑगस्ट १८९३ ला. इथवर सगळं जुळतं. पण शेवटच्या टिपणात जोनाथन सांगतो की या सगळ्याला सात वर्षं झाली. १८९३ अधिक ७ म्हणजे १९००. आणि पुस्तक छापलं गेलं १८९७ ला. बरं, मीना थट्टेने ज्या 'नव्या स्त्री'चा उल्लेख करते, तो शब्दप्रयोग इंग्लंडमध्ये गाजला १८९४ मध्ये. हा गुंता सोडवायला चाहत्यांनी काय काय खटपटी केल्या आहेत! कुणी घटना मागे ढकलतं, कुणी शार्कोचं वाक्य नंतर घुसवलेलं मानतं. मला वाटतं इथे सरळ कबूल करावं की लेखकाचा हिशोब चुकला. गोष्टीच्या गाभ्याला त्याने धक्का लागत नाही.

सिनेमाने काय केलं

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा १९९२ चा सिनेमा आपल्या इंग्रजी नावातच मूळ लेखकाचं नाव घेऊन येतो. त्यामुळे चाहते त्याला इतर ड्रॅक्युलापटांपेक्षा कडक निकष लावतात, आणि ते योग्यच आहे. ज्याने नाव घेतलं त्याने जबाबदारीही घेतली.

गंमत अशी की या सिनेमावर सर्वांत जास्त वेळा घेतला जाणारा आक्षेपच चुकीचा आहे. गॅरी ओल्डमनचा काउंट लंडनच्या रस्त्यावर दिवसाउजेडी फिरतो. व्हॅम्पायर उन्हात जळत नाही का? नाही. कादंबरीतही तो २२ सप्टेंबरला दिवसा पिकॅडिलीत उभा असतो आणि मोठी टोपी घातलेल्या एका मुलीकडे टक लावून बघत असतो. दिवसा त्याची ताकद कमी होते, एवढंच. उन्हाने मरणारा व्हॅम्पायर आला तो जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या १९२२ च्या 'नोस्फेराटू'मधून. तो सिनेमा हक्क न घेता बनवला होता. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. काही प्रती वाचल्या, आणि त्यांच्याबरोबर तो नियमही वाचला. १९५८ च्या हॅमर कंपनीच्या सिनेमात पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग पडदे खाली ओढून ख्रिस्तोफर लीच्या ड्रॅक्युलाला उन्हात आणतो आणि त्याची राख होते. आज तो नियम इतका अंगवळणी पडलाय की मूळ पुस्तकच चुकल्यासारखं वाटतं. या एका बाबतीत कोपोला आणि पटकथाकार जेम्स हार्ट पुस्तकाशी प्रामाणिक राहिले.

शेवट मात्र त्यांनी बदलला. पाठलाग, गाडी, सूर्यास्त, गळ्यावर जोनाथनचा वार, काळजात क्विन्सीचा सुरा, इथपर्यंत पुस्तक आहे. पण काउंट धूळ होत नाही. तो जखमी अवस्थेत उठतो, मीना त्याच्या आणि पुरुषांच्या मध्ये उभी राहते, त्याला किल्ल्यातल्या प्रार्थनाघरात नेते, आणि तिथे स्वतःच्या हाताने सुरा आरपार दाबून मग त्याचं मुंडकं उडवते. वर छतावर व्लाड, म्हणजे माणूस असतानाचा काउंट, आणि त्याची बायको एलिझाबेटा यांचं चित्र दिसतं आणि सिनेमा संपतो.

विसंगतीच्या बाजूने पाहिलं तर हे फार हुशारीचं काम आहे. 'मेला का?' हा प्रश्नच उरत नाही. काळीज भेदलं, मुंडकं कापलं, आणि तेही आपल्या डोळ्यांसमोर. धूळही नाही, म्हणजे निसटण्याची वाटही नाही. पुस्तकाच्या वाचकांनी काढलेली प्रत्येक शंका जणू पटकथेने ऐकून घेतली आहे.

पण ही भोकं बुजवण्यासाठी जो माल वापरला त्याने दुसरीकडे मोठं खिंडार पडलं. मीनाला काउंटवर सुरा चालवायला लावायचा तर तिचं त्याच्यावर प्रेम हवं. म्हणून १४६२ ची पूर्वकथा आली, खोट्या बातमीने नदीत उडी घेणारी एलिझाबेटा आली आणि मीना तिच्यासारखी दिसणारी, बहुधा तिचाच पुनर्जन्म झाली. आपल्याला पुनर्जन्म घरचा आहे, त्यामुळे आपण तो पटकन गिळतो. पण ज्या गोष्टीत काउंटला बांधून ठेवणारं सगळं शास्त्र क्रूस आणि ख्रिस्तप्रसाद यांचं आहे, तिथे आत्मा दुसऱ्या देहात कुठल्या नियमाने आला? सिनेमा याचं उत्तर देत नाही.

आणि मला सर्वांत जास्त खुपतं ते वेगळंच. पुस्तकात काउंट मीनाला रक्त पाजतो तो प्रसंग जबरदस्तीचा आहे. नवरा शेजारी गुंगीत पडलाय, काउंटने तिची मान धरून तोंड आपल्या छातीवर दाबलंय, आणि ती नंतर स्वतःला अपवित्र म्हणून किंचाळते. सिनेमात तोच प्रसंग प्रेमाचा होतो. काउंट मागे हटतो आणि ती आग्रह धरते. कथानकाच्या हिशोबात हा बदल बसतो, पण मीनाचं सगळं धैर्य त्यात वाहून जातं. पुस्तकातली मीना त्या रात्रीनंतर उठते आणि काउंटने जोडलेल्या मनाच्या धाग्याचाच उपयोग करते. व्हॅन हेल्सिंगला संमोहन करायला लावून ती काउंटच्या बोटीचा माग काढून देते. शिकार झालेली बाई शिकाऱ्यांची वाटाडी होते. काउंटच्या मरणातला तिचा वाटा तो आहे, सुऱ्याचा नाही. चाहत्यांनी जे भांडण कुकरीवर घातलं ते खरं तर इथे घालायला हवं होतं.

पेटी

पुस्तकाच्या मरणाबद्दलचं माझं मत तुमच्यापुढे आलंच आहे: काउंट मेला. तरी एक ओळ मला अजून सापडलेली नाही.

काउंटने लंडनला मातीच्या ५० पेट्या आणल्या. व्हॅन हेल्सिंगच्या टोळीने त्या एकेक हुडकून प्रत्येकीत ख्रिस्तप्रसाद ठेवला, म्हणजे त्या मातीत त्याला परत झोपता येऊ नये. कारफॅक्सच्या पडक्या वाड्यात २९, माइल एंडकडे ६, बर्मंडसीत ६, पिकॅडिलीत ९ असायला हव्या होत्या पण ८ मिळाल्या. ४९ झाल्या. उरलेल्या एकीसाठी ही माणसं इंग्लंडहून वार्नापर्यंत आणि तिथून कार्पेथियन डोंगरापर्यंत धावली. ५ नोव्हेंबरला व्हॅन हेल्सिंगने किल्ल्यातल्या ड्रॅक्युलाच्या थडग्यातही ख्रिस्तप्रसाद ठेवला, किल्ल्याची दारं काउंटसाठी कायमची बंद केली. एवढा काटेकोर माणूस.

सुरुवातीच्या टंकलिखितात स्टोकरने शेवटी किल्लाच जमीनदोस्त होताना दाखवला होता. तो भाग त्याने छापण्यापूर्वी काढून टाकला. म्हणून सात वर्षांनी मंडळी तिथे पुन्हा जातात तेव्हा किल्ला तसाच उभा असतो. जोनाथन हळहळतो की इतक्या कागदांत जवळजवळ एकही अस्सल दस्तऐवज उरलेला नाही, शेवटच्या काही वह्या आणि व्हॅन हेल्सिंगचं टिपण सोडलं तर सगळी टंकलिखितंच.

त्या कागदांत मी पन्नासाव्या पेटीचं पुढे काय झालं ते शोधतो. ती बर्फात उघडी पडली आहे, आत धूळ आहे आणि त्या धुळीखाली काउंटची माती. क्विन्सीचा श्वास संपतोय म्हणून सगळे त्याच्याभोवती गुडघ्यावर बसलेत. व्हॅन हेल्सिंगही तिथेच आहे. तो उठून त्या पेटीपाशी गेला आणि आत ख्रिस्तप्रसाद ठेवला, असं पुस्तकात कुणीच लिहिलेलं नाही.